सत्तांतर, युद्धविरोधी आंदोलने आणि वृत्तमाध्यमे : अमेरिकेतील १९६९ व २००९ या दोन पर्वांचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना

लोकशाही राज्यव्यवस्थेत निवडणुकीच्या मार्गाने होणारे सत्तांतर हे जनमताचे सर्वांत अधिकृत रूप मानले जाते. युद्धाला कंटाळलेली जनता सत्ताधारी पक्षाला दूर करते, शांततेचे आश्वासन देणारा नवा राष्ट्राध्यक्ष सत्तेवर येतो आणि युद्धाचा प्रश्न निकाली निघाला, असे सर्वसामान्यपणे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती मात्र बहुधा वेगळी असते. सत्तांतरानंतरही युद्ध चालूच राहते, काही वेळा त्याची व्याप्ती वाढते आणि त्याला विरोध करणारे नागरिकही रस्त्यावर येत राहतात. अशा वेळी त्या विरोधाची नोंद वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी कशी घेतात, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. कारण पुढील पिढ्या त्या काळाचे आकलन बऱ्याच अंशी याच नोंदींच्या आधारे करीत असतात.

प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील दोन सत्तांतरांचा या दृष्टीने विचार केला आहे. पहिले सत्तांतर २० जानेवारी १९६९ चे. त्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाचे लिंडन जॉन्सन पायउतार होऊन रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्या वेळी व्हिएतनाम युद्ध चालू होते. दुसरे सत्तांतर २० जानेवारी २००९ चे. त्या दिवशी रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश जाऊन डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा सत्तेवर आले. त्या वेळी इराक व अफगाणिस्तान अशी दोन युद्धे चालू होती. या दोन घटनांमध्ये बरोबर चाळीस वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळी नव्या राष्ट्राध्यक्षाने युद्ध आटोक्यात आणण्याचे आश्वासन दिले होते व दोन्ही वेळी युद्ध पुढे अनेक वर्षे चालले. तथापि, १९६९ मध्ये युद्धविरोधी आंदोलन देशव्यापी बातमीचा विषय बनले, तर २००९ मध्ये ते बातमीतून जवळजवळ नाहीसे झाले. हा फरक कशामुळे पडला याची कारणमीमांसा करणे हा या निबंधाचा उद्देश आहे.

वैचारिक चौकट

आंदोलने आणि वृत्तमाध्यमे यांच्या संबंधांवर गेल्या काही दशकांत बरेच संशोधन झाले आहे. टॉड गिटलिन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द होल वर्ल्ड इज वॉचिंग' या ग्रंथात विद्यार्थी आंदोलनाच्या वार्तांकनाचा सविस्तर अभ्यास केला. आंदोलनाचा आशय मागे पडून त्यातील नाट्यमय, भडक व हिंसक अंगांना बातमीत प्राधान्य मिळते, ही त्यांची मांडणी पुढील अभ्यासकांना मार्गदर्शक ठरली. मेल्विन स्मॉल यांनी 'कव्हरिंग डिसेंट' (१९९४) या ग्रंथात व्हिएतनाम काळातील मोठ्या निदर्शनांचे वार्तांकन तपासले आहे.

डॅनियल हॅलिन यांनी 'द अनसेन्सर्ड वॉर' (१९८६) या ग्रंथात पत्रकारितेच्या जगाची तीन वर्तुळांत विभागणी केली. मधले वर्तुळ सहमतीचे. त्यातील गोष्टींवर दोन बाजू मांडण्याची आवश्यकता पत्रकाराला वाटत नाही. त्याबाहेरचे वर्तुळ वैध मतभेदाचे. प्रमुख राजकीय पक्षांतील वाद येथे येतात व समतोलाचा नियम लागू होतो. सर्वांत बाहेरचा प्रदेश समाजाने अमान्य केलेल्या मतांचा. तेथील माणसांचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन पत्रकार मानत नाहीत. युद्धविरोधी निदर्शक यांपैकी कोणत्या वर्तुळात उभे आहेत, यावर त्यांची बातमी कशी येणार हे ठरते.

लान्स बेनेट यांनी १९९० मध्ये हाच विचार अधिक नेमकेपणाने मांडला. त्यांच्या मते, एखाद्या प्रश्नावर विधिमंडळात व राज्यकर्त्या वर्गात जेवढा मतभेद असेल, साधारण तेवढ्याच मर्यादेत वृत्तमाध्यमे मतभेदाला जागा देतात. राज्यकर्त्या वर्गात फूट नसेल, तर रस्त्यावरचा विरोध कितीही मोठा असला तरी तो बातमीच्या परिघावर राहतो. ही उपपत्ती सत्तांतराच्या प्रसंगाला लावून पाहिल्यास महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. सत्तांतरामुळे सरकार बदलते त्याचबरोबर विरोधी पक्षही बदलतो; आणि युद्धविरोधी आंदोलनाच्या वार्तांकनाचे भवितव्य नव्या सरकारपेक्षाही या नव्या विरोधी पक्षाच्या भूमिकेवर अवलंबून राहते.

पहिले पर्व : १९६९

जॉन्सन यांच्या कारकिर्दीत व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्य सतत वाढत गेले. ३१ मार्च १९६८ रोजी त्यांनी पुन्हा निवडणूक न लढविण्याची घोषणा केली. ऑगस्टमध्ये शिकागो येथील डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्या वेळी पोलिसांनी निदर्शकांना केलेली मारहाण देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. या काळात युद्धविरोधकांची अडचण दुहेरी होती. युद्ध चालविणारे सरकार डेमोक्रॅटिक पक्षाचे होते आणि युद्धाला विरोध करणारे बहुसंख्य लोकप्रतिनिधीही त्याच पक्षाचे होते. स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उघड उभे राहणे अनेकांना शक्य नव्हते.

निक्सन सत्तेवर आले तेव्हा युद्ध ऐन भरात होते. एप्रिल १९६९ मध्ये व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांची संख्या सुमारे ५,४३,००० या उच्चांकावर पोहोचली. १८ मार्चपासून कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बहल्ले सुरू झाले होते. याच मार्च महिन्यात एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीचे वृत्तनिर्माते अॅव्ह वेस्टिन यांनी सायगावमधील आपल्या वार्ताहरांना एक संदेश पाठविला. रणांगणावरील चकमकींवरचे लक्ष कमी करून 'आपण व्हिएतनाममधून बाहेर पडत आहोत' या सूत्राभोवतीच्या बातम्यांकडे वळावे, असा त्याचा आशय होता. सैन्यकपातीची पहिली घोषणा अद्याप व्हायची होती. ती ८ जून रोजी मिडवे बेटावर झाली आणि तीही केवळ २५,००० सैनिकांची. युद्ध संपत आले आहे ही बातमी प्रत्यक्ष घटनेच्या आधी वृत्तकक्षात तयार झाली होती. १९६९ या एका वर्षात ११,७८० अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. व्हिएतनामी मृतांची संख्या याच्या कितीतरी पट होती.

अशा स्थितीत युद्धविरोधी आंदोलन बातमीतून नाहीसे होणे अपेक्षित होते. घडले ते उलट, आणि याचे कारण सत्तांतराने बदललेल्या पक्षीय समीकरणात आहे. युद्ध आता रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाचे झाले होते. डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधींवरील पक्षनिष्ठेचे बंधन सैल झाले. १५ ऑक्टोबर १९६९ रोजी देशभर 'मोरेटोरियम' पाळण्याचे आवाहन करण्यात आले. त्या दिवशी नेहमीचे कामकाज बाजूला ठेवून युद्धाचा विचार करावा, अशी ही कल्पना होती. तिचे संयोजक सॅम ब्राऊन, डेव्हिड हॉक आदी तरुण १९६८ मध्ये सिनेटर युजीन मॅकार्थी यांच्या निवडणूक प्रचारात काम केलेले होते. चर्च, महाविद्यालये, गावोगावचे चौक येथे प्रार्थना, मृतांच्या नावांचे वाचन, मेणबत्ती मोर्चे असे कार्यक्रम झाले. बॉस्टनमध्ये सुमारे एक लाख लोक जमले व तेथे सिनेटर जॉर्ज मॅक्गव्हर्न यांचे भाषण झाले. वॉशिंग्टनमध्ये कोरेटा स्कॉट किंग यांनी मेणबत्ती मोर्चाचे नेतृत्व केले. देशभरातील सहभागाचा अंदाज वीस लाखांपर्यंत जातो. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षातूनही विरोधी सूर उमटला होता. सिनेटर चार्ल्स गुडेल यांनी सप्टेंबरमध्येच सैन्यमाघारीसाठी विधेयक मांडले होते. सिनेटर, धर्मगुरू व प्राध्यापक ज्या मंचावर उभे आहेत, त्या मंचाला समाजाबाहेरचा ठरविणे पत्रकारांना शक्य नव्हते. हॅलिन यांच्या भाषेत आंदोलन बाहेरच्या प्रदेशातून वैध मतभेदाच्या वर्तुळात आले आणि वार्तांकनाचा सूर त्यानुसार आदराचा झाला.

यापुढील चार आठवडे सरकार आणि वृत्तमाध्यमे यांच्या संघर्षाच्या इतिहासात अत्यंत महत्त्वाचे आहेत. आंदोलनाचा आपल्यावर काहीही परिणाम होणार नाही, असे निक्सन यांनी २६ सप्टेंबरच्या पत्रकार परिषदेत जाहीर केले होते. ३ नोव्हेंबर रोजी त्यांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात 'मूक बहुसंख्याकांना' पाठिंब्याचे आवाहन केले. बोलणारे मूठभर आणि न बोलणारे बहुसंख्य, अशी विभागणी केल्यामुळे मोर्चातील गर्दी जितकी मोठी दिसेल तितकी ती प्रातिनिधिक नाही असे म्हणण्याची सोय झाली. भाषणानंतर दूरचित्रवाणीवरील समीक्षकांनी केलेले विश्लेषण व्हाइट हाऊसला रुचले नाही. दूरचित्रवाणी केंद्रांना परवाने देणाऱ्या संघीय संपर्क आयोगाचे नवे अध्यक्ष डीन बर्च यांनी कंपन्यांकडून त्या समीक्षणांच्या लिखित प्रती मागविल्या. १३ नोव्हेंबर रोजी उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांनी आयोवा राज्यातील डी मॉइन येथे दूरचित्रवाणी वृत्तविभागांवर कठोर टीका करणारे भाषण केले. मूठभर, कोणीही निवडून न दिलेली माणसे देशाने काय पाहावे हे ठरवितात, हा त्यांचा आरोप होता. विशेष म्हणजे याच कंपन्यांनी ते भाषण थेट प्रक्षेपित केले.

दोनच दिवसांनी, १५ नोव्हेंबर रोजी वॉशिंग्टनमध्ये त्या काळापर्यंतचा सर्वांत मोठा युद्धविरोधी मोर्चा निघाला. उपस्थितीचे अंदाज अडीच लाख ते पाच लाख असे आहेत. त्याआधी सुमारे ४०,००० नागरिक मृत सैनिकांच्या व उद्ध्वस्त व्हिएतनामी गावांच्या नावाच्या पाट्या गळ्यात घालून आर्लिंग्टनपासून एकामागून एक चालत गेले होते. उपराष्ट्राध्यक्षांचे भाषण थेट दाखविणाऱ्या तिन्ही प्रमुख कंपन्यांनी या मोर्चाचे थेट प्रक्षेपण मात्र केले नाही. ज्या केंद्रांचा परवाना सरकारी आयोगाच्या हाती आहे, त्यांच्या व्यवस्थापनाने सावध पवित्रा घेतला असल्यास त्यात आश्चर्य नाही. वृत्तपत्रांना परवान्याचे बंधन नव्हते. सेमूर हर्श यांनी एका लहान वृत्तसंस्थेमार्फत दिलेली माय लाय हत्याकांडाची पहिली बातमी याच १३ नोव्हेंबरच्या सुमारास तीसहून अधिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. १६ मार्च १९६८ रोजी घडलेले, शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांचा बळी घेणारे हे हत्याकांड उघडकीस येण्यास वीस महिने लागले होते.

या पर्वाचा शेवटचा धागा पुढे निक्सन यांनीच उलगडला. १९७८ च्या आत्मचरित्रात त्यांनी कबूल केले की, उत्तर व्हिएतनामला १ नोव्हेंबर १९६९ पर्यंतची निर्वाणीची मुदत दिलेली होती व ऑक्टोबरच्या आंदोलनामुळे त्या इशाऱ्याची विश्वासार्हता उरली नाही. युद्धाचा मोठा भडका उडविण्याची योजना त्या वेळी बाजूला पडली. आंदोलनाचा हा परिणाम त्या काळच्या कोणत्याही बातमीत येऊ शकत नव्हता. ज्यांनी तो घडविला त्यांनाही तो ठाऊक नव्हता. आपला मोर्चा निष्फळ ठरला अशी खंत बाळगून अनेक जण चळवळीबाहेर गेले.

इराक युद्धाचे पर्व : २००२ ते २००८

दुसऱ्या सत्तांतराकडे वळण्यापूर्वी बुश यांच्या काळातील वार्तांकनाचा थोडक्यात आढावा घेणे क्रमप्राप्त आहे. २६ ऑक्टोबर २००२ रोजी वॉशिंग्टनमध्ये इराक युद्धाविरुद्ध निघालेल्या मोर्चाची बातमी देताना 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उपस्थिती हजारोंची व संयोजकांच्या अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे लिहिले. चारच दिवसांनी त्याच दैनिकाने दुसऱ्या वृत्तात तीच संख्या एक ते दोन लाखांच्या दरम्यान असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात सिनेटमधील अनेक डेमोक्रॅटिक सदस्यांनी युद्धाच्या ठरावाला अनुकूल मत दिले होते, ही पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावी लागते.

१५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातील शेकडो शहरांत एकाच दिवशी निदर्शने झाली. त्यानंतर 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील एका विश्लेषणात अमेरिका आणि जागतिक जनमत या जगातील दोन महासत्ता असल्याचे म्हटले गेले. आंदोलनाचे हे जागतिक स्वरूप भारतातही प्रत्ययास आले. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगाव येथे भरलेल्या जागतिक सामाजिक मंचात युद्धविरोध हा चर्चेचा एक प्रमुख विषय होता. मे २००४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने इराकमधील कथित संहारक शस्त्रांविषयीच्या आपल्या वार्तांकनातील उणिवा संपादकीय निवेदनाद्वारे मान्य केल्या.

ऑगस्ट २००५ मध्ये इराकमध्ये मुलगा गमावलेल्या सिंडी शीहान यांनी बुश यांच्या टेक्सासमधील क्रॉफर्ड येथील निवासस्थानाजवळ तळ ठोकला. एका आईने राष्ट्राध्यक्षांकडे भेट मागितली आणि तिच्याभोवती शेकडो पत्रकार गोळा झाले. त्या वेळी बुश यांची लोकप्रियता घसरत होती व डेमोक्रॅटिक पक्ष युद्धाच्या प्रश्नावर टीकेची भूमिका घेऊ लागला होता. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत त्या पक्षाला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत बहुमत मिळाले. युद्धविरोध आता वैध मतभेदाच्या वर्तुळात पूर्णपणे स्थिरावला होता.

दुसरे पर्व : २००९

ओबामा यांनी सत्तेवर आल्यावर २७ फेब्रुवारी २००९ रोजी इराकमधील लढाऊ मोहीम ३१ ऑगस्ट २०१० पर्यंत संपविण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात अफगाणिस्तानात १७,००० अतिरिक्त सैनिक पाठविण्याचा निर्णय झाला होता. १ डिसेंबर रोजी वेस्ट पॉइंट येथील भाषणात आणखी ३०,००० सैनिकांची घोषणा झाली. नऊ दिवसांनी, १० डिसेंबरला, ओबामा यांनी ऑस्लो येथे नोबेल शांतता पुरस्कार स्वीकारला. अफगाणिस्तानातील अमेरिकन सैन्य २०१० मध्ये सुमारे एक लाखावर गेले. तेथे २००८ मध्ये सुमारे १५५ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले होते. २०१० मध्ये हा आकडा सुमारे ५०० झाला. ते वर्ष अमेरिकन सैन्याच्या दृष्टीने त्या युद्धातील सर्वांत प्राणघातक ठरले.

युद्धाला जनतेचा पाठिंबा होता असेही म्हणता येत नाही. ऑगस्ट २००९ मधील 'वॉशिंग्टन पोस्ट' व एबीसी यांच्या जनमत चाचणीत ५१ टक्के लोकांनी अफगाण युद्ध लढण्याच्या योग्यतेचे नाही असे मत दिले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांत हे प्रमाण दहापैकी सातच्या घरात होते. तरीही निदर्शने क्षीण झाली. इराक युद्धाला सहा वर्षे झाली त्या निमित्ताने मार्च २००९ मध्ये पेंटागॉनवर निघालेल्या मोर्चात काही हजार लोकच आले. ऑगस्ट २००९ मध्ये शीहान यांनी ओबामा सुट्टीसाठी आले असता मार्थाज व्हिनयार्ड बेटावर पुन्हा निदर्शने केली. बाई तीच होती, मागणीही तीच होती. पण क्रॉफर्डला जमलेल्या पत्रकारांची गर्दी येथे दिसली नाही. त्याच आठवड्यात सिनेटर एडवर्ड केनेडी यांचे निधन झाले होते, ही बाब जमेस धरूनही हा फरक डोळ्यांत भरणारा आहे.

आंदोलन कमी झाले म्हणून बातम्या कमी झाल्या, असे याचे सरळ स्पष्टीकरण देता येईल आणि त्यात तथ्य आहे. मायकेल हीनी व फॅबिओ रोहास यांनी जानेवारी २००७ ते डिसेंबर २००९ या काळात २७ निदर्शनांमध्ये पाच हजारांहून अधिक सहभागींचे सर्वेक्षण केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, ओबामा यांच्या विजयानंतर डेमोक्रॅटिक पक्षाशी जवळीक असलेले निदर्शक मोठ्या प्रमाणावर आंदोलनातून बाहेर पडले. युद्धाविषयीचे त्यांचे मत पालटलेले नव्हते. सरकार आपल्या पक्षाचे आहे ही भावना प्रबळ ठरली. चळवळीला निधी, कार्यकर्ते व प्रसिद्धी मिळवून देणाऱ्या संघटना आरोग्यविम्यासारख्या अन्य प्रश्नांकडे वळल्या.

परंतु एवढ्याने समाधान होत नाही. १६ डिसेंबर २०१० रोजी व्हाइट हाऊससमोर बर्फ पडत असताना माजी सैनिकांनी धरणे धरले व १३१ जणांना अटक झाली. त्यांत डॅनियल एल्सबर्ग होते. व्हिएतनाम युद्धासंबंधीची पेंटागॉनची गुप्त कागदपत्रे वृत्तपत्रांना देणारे हेच ते गृहस्थ; ती कागदपत्रे जून १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्या प्रकरणाने देश हादरला होता व सर्वोच्च न्यायालयाने वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला होता. त्याच दिवशी ओबामा यांनी अफगाण युद्धाचा वार्षिक आढावा जाहीर केला. युद्धाविषयीची बातमी त्या दिवशी मुबलक होती. कुंपणाला स्वतःला बांधून घेणाऱ्या माजी सैनिकांना मात्र तीत ठळक स्थान मिळाले नाही.

सरकारी निर्बंधामुळे असे झाले, असेही म्हणता येत नाही. डोव्हर येथील हवाई तळावर येणाऱ्या शवपेट्यांचे छायाचित्रण करण्यावर १९९१ पासून असलेली बंदी नव्या सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये उठविली. कुटुंबाच्या संमतीने छायाचित्रे घेण्यास मुभा मिळाली. एप्रिलमध्ये पहिल्या प्रसंगी पत्रकारांची मोठी उपस्थिती होती. काही महिन्यांतच बहुतेक वेळा असोसिएटेड प्रेस या एकाच वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार तेथे उरला. दार उघडले होते, पण आत जाऊन पाहणारे थोडे होते.

तुलना व विवेचन

दोन्ही पर्वांतील साम्य प्रथम नोंदविले पाहिजे. दोन्ही वेळी सत्तांतरानंतर 'युद्ध संपत आले आहे' हे कथासूत्र वृत्तमाध्यमांनी स्वीकारले. १९६९ मध्ये त्याला सैन्यकपातीच्या घोषणांचा आधार मिळाला. २००९ मध्ये इराकमधील माघारीच्या वेळापत्रकाने तेच काम केले आणि अफगाणिस्तानातील वाढ त्याच्या छायेत गेली. घोषणा ही एका दिवसाची, एका ठिकाणी घडणारी, अधिकृत व्यक्तीने केलेली घटना असते. तिची बातमी करणे सोपे असते. युद्ध चालू राहणे ही घटना नसते. ते रोज थोडे थोडे घडते आणि म्हणूनच बातमीच्या चौकटीत मावत नाही.

फरकाची कारणे तपासताना लष्करातील सक्तीच्या भरतीचा मुद्दा पुढे येतो. १९६९ मध्ये तरुणांवर सक्तीच्या भरतीची टांगती तलवार होती. २००९ मध्ये सैन्य स्वेच्छेने भरती झालेल्यांचे होते. हे कारण महत्त्वाचे असले तरी अपुरे आहे, कारण २००३ मध्येही सक्तीची भरती नव्हती व तरीही प्रचंड मोर्चे निघाले आणि त्यांच्या बातम्याही आल्या. दुसरे कारण आर्थिक मंदी व वृत्तपत्र व्यवसायाची खालावलेली स्थिती. त्या काळात अनेक वृत्तपत्रांनी कर्मचारी कमी केले, काही बंद पडली, हे खरे आहे. तथापि, २००९ च्या उन्हाळ्यात आरोग्य विधेयकाविरुद्धच्या सभा व 'टी पार्टी' निदर्शने यांना भरपूर जागा मिळाली. निदर्शनांना जागाच नव्हती असे म्हणता येत नाही. त्या निदर्शनांमागे एका प्रमुख पक्षाचे पाठबळ उभे होते.

निर्णायक फरक येथेच आहे. १९६९ च्या सत्तांतराने युद्धाविषयी साशंक असलेला पक्ष विरोधी बाकांवर गेला. त्यामुळे आंदोलनाला सभागृहात आवाज मिळाला आणि बातमीत प्रतिष्ठा मिळाली. २००९ च्या सत्तांतराने युद्धाविषयी साशंक असलेला पक्ष सत्तेवर आला व युद्धाला अनुकूल असलेला पक्ष विरोधी बाकांवर गेला. अफगाणिस्तानात सैन्य वाढविण्याच्या प्रश्नावर विरोधी पक्षाची तक्रार असलीच तर ती सैन्य उशिरा पाठविल्याची होती. सैन्य परत आणा असे म्हणणाऱ्या नागरिकांच्या वतीने बोलणारे लोकप्रतिनिधी दोन्ही पक्षांत मोजकेच होते. जनमतातील बहुसंख्य मत अशा रीतीने राजकीय वर्तुळात अल्पसंख्य ठरले आणि वृत्तमाध्यमांनी मोजमापासाठी राजकीय वर्तुळच प्रमाण मानले.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने

वृत्तपत्रांच्या जुन्या फायली हे आधुनिक इतिहासाचे एक प्रमुख साधन आहे. आंदोलनाची तीव्रता मोजण्यासाठी त्याविषयीच्या बातम्यांची संख्या मोजण्याची पद्धतही रूढ आहे. वरील विवेचन पाहता या पद्धतीतील धोका स्पष्ट होतो. केवळ फायलींच्या आधारे लिहिणारा अभ्यासक असे म्हणेल की, १९६९ मध्ये देश युद्धाविरुद्ध उठला होता आणि २००९ मध्ये त्याने युद्ध मान्य केले होते. जनमत चाचणीचा पुरावा दुसऱ्या विधानाच्या विरुद्ध आहे. निक्सन यांच्या कबुलीजबाबावरून हेही दिसते की, बातमीत ज्या आंदोलनाचा परिणाम शून्य मानला गेला, त्याचा परिणाम प्रत्यक्षात फार मोठा होता. संयोजकांची टिपणे, पत्रके, न्यायालयीन नोंदी, सहभागींच्या मुलाखती व सरकारी दप्तर यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय वृत्तपत्रातील मौनाला मान्यता समजणे योग्य ठरणार नाही.

हा केवळ पद्धतीचा प्रश्न नाही. निक्सन सत्तेवर आल्यानंतर व्हिएतनाममध्ये वीस हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि त्याहून कितीतरी अधिक व्हिएतनामी, कंबोडियन व लाओशियन नागरिक मृत्युमुखी पडले. अफगाणिस्तानातून अमेरिकन सैन्य ऑगस्ट २०२१ मध्ये बाहेर पडले. म्हणजे वेस्ट पॉइंटच्या भाषणानंतर ते युद्ध जवळजवळ बारा वर्षे चालले. बातमीत संपलेल्या युद्धात मेलेल्या माणसांची ही गणना आहे.

निष्कर्ष

१. सत्तांतरानंतर युद्धविरोधी आंदोलनाला मिळणारी प्रसिद्धी युद्धाच्या तीव्रतेवर किंवा जनमतावर अवलंबून नसून, मुख्यतः नव्या विरोधी पक्षाच्या भूमिकेवर अवलंबून असल्याचे दोन्ही पर्वांच्या तुलनेतून दिसून येते.

२. नव्या सरकारने माघारीची घोषणा केली की, युद्ध संपत आल्याचे कथासूत्र वृत्तमाध्यमे स्वीकारतात व त्यामुळे चालू असलेले युद्ध आणि त्याचा विरोध दोन्ही झाकले जातात.

३. सरकारी दबाव हे एक कारण असू शकते. १९६९ मधील दूरचित्रवाणीचे वर्तन त्याचे उदाहरण आहे. परंतु २००९ मधील अनुभव असे दाखवितो की, दबाव वा बंदी नसतानाही मौन निर्माण होते.

४. आंदोलन क्षीण होणे आणि त्याचे वार्तांकन क्षीण होणे या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. त्या एकमेकींना बळ देतात. तरी इतिहासकाराने त्या वेगवेगळ्या तपासल्या पाहिजेत.

समारोप

निवडणूक ही लोकशाहीतील मतप्रदर्शनाची अंतिम पायरी आहे, असा समज सत्तांतराच्या आनंदात बळावतो. मत देऊन घरी परतलेल्या नागरिकाला वृत्तपत्र सांगते की, त्याचे काम झाले आहे. अशा वेळी जे थोडे लोक रस्त्यावर उरतात त्यांची संख्या लहान असते आणि त्यांच्यामागे कोणताही पक्ष नसतो. तथापि, सरकार बदलल्यावर युद्ध खरोखर बदलले का, हा प्रश्न विचारणारे तेच असतात. त्यांची नोंद समकालीन वृत्तपत्रांनी पुरेशी घेतली नसेल, तर ती शोधून काढण्याची जबाबदारी इतिहासाच्या अभ्यासकांवर येऊन पडते.